थापा मारा, पण कोशाच्या भाषेत

कोळवं म्हणजे काय? एका चिठ्ठीवर लिहिलंय, ‘कोळ्यांचं खाडीत लावायचं लहान जाळं’. दुसरीवर, ‘कोवळ्या बांबूची भाजी’. तिसरीवर, ‘कोळसा पाडायच्या भट्टीचं तोंड’. चौथीवर, ‘शेराचा आठवा भाग, अर्धं चिपटं’. वाचणारा चारही चिठ्ठ्या एकाच सुरात, चेहरा कोरा ठेवून वाचतो आणि खरी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं. खरी सापडली तर गुण, आणि आपल्या थापेला दुसरं कुणी भुललं तर त्याचेही गुण. कागदाचे सारखे तुकडे, पेन्सिली आणि चिठ्ठ्या टाकायला एक टोपली, एवढ्यावर पाच-सहा जणांची संध्याकाळ निघते. या खेळाला आपण इथे थापाकोश म्हणू. (कोळवं म्हणजे खरोखरच शेराचा आठवा भाग. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली.)

इंग्रजी घरांत हा खेळ शब्दकोश मांडीवर घेऊन पूर्वापार खेळला जातो. 1965 साली बीबीसीनं ‘कॉल माय ब्लफ’ या कार्यक्रमात तो दूरचित्रवाणीवर आणला आणि 1984 साली कॅनडात ‘बाल्डरडॅश’ या नावानं त्याचा खोक्यातला अवतार निघाला. या सगळ्यांत शब्द निवडायची रीत एकच: कुणालाच माहीत नसेल असा, जितका विचित्र तितका चांगला. ही रीत आपल्याकडे जशीच्या तशी उचलू नये, असं माझं मत आहे. जो शब्द खोलीतल्या कुणाचाच नाही, त्याचा अर्थ कळला काय आणि न कळला काय, दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तोंडी येत नाही. शिवाय खऱ्या अर्थाची खातरजमा करायला छापील पानापलीकडे काही उरत नाही. त्यापेक्षा जवळपास ज्याचं घर आहे असा शब्द घ्यावा. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो अनोळखी असावा, पण निदान एकाच्या आजीनं तो काल-परवा वापरलेला असावा. असा शब्द खेळालाही चांगला आणि खेळ संपल्यावरही कामाचा.

यासाठी पालघर जिल्ह्यातलं तलासरी तालुक्यातलं झरी हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. तालुका गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेला लागून आहे. 1960 साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं तिकडे गेली आणि काही इकडे राहिली. माणसांच्या बोलण्याला मात्र ती रेघ फारशी माहीत नाही. घरात वारली बोली, शाळेत पुस्तकातली मराठी, बाजारात गुजराती, मोबाइलवर हिंदी. अशा ठिकाणी शब्द शोधायला अडगळीत जावं लागत नाही. उंबऱ्याच्या आत एका अर्थानं वावरणारा शब्द बाहेर पडला की दुसऱ्या अर्थानं भेटतो. उदाहरणार्थ राब. भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून ते जाळतात, त्याला राब म्हणतात. तर सीमेपलीकडच्या गुजरातीत राब म्हणजे पिठाची पातळ गोड पेज. एकाला जळलेल्या मातीचा वास येतो, दुसऱ्याला गुळाचा. थापाकोशाला याहून चांगला कच्चा माल मिळणार नाही.

शब्द जमवायला छापील कोशांची मदत घ्याच, पण त्यांची वीण कुठे घट्ट आणि कुठे सैल हे ओळखून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत साठेक हजार शब्द आहेत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात खंडांत आला. हे दोन्ही आज संगणकावर फुकट चाळता येतात. शेतीची अवजारं, मापं, जुनी भांडी, घराचे भाग यांसाठी ते सोन्याची खाण आहेत: रुमणं (नांगराची मूठ), घडवंची (पाण्याचे घडे ठेवायची लाकडी चौकट), तिवडा (खळ्याच्या मधोमध रोवलेला, बैल बांधायचा खांब). वारली बोलीसाठी मात्र वेगळीकडे पाहावं लागतं. गणेश देवींच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 साली आला. त्यात वारलीवर स्वतंत्र लेखन आहे. तरीही पहिला स्रोत माणूसच. खेळाआधी दोन दिवस मुलांना एवढंच काम द्या: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक शब्द आणायचा, तो कधी वापरतात ते विचारायचं, वस्तू घरात असेल तर हात लावून पाहायची. शब्द आणणारा त्या डावापुरता शब्दाचा राखणदार. खरी चिठ्ठी तो लिहितो, सगळ्या चिठ्ठ्या तोच वाचतो, आणि स्वतः कौल देत नाही.

आता थाप कशी रचायची. नवशिक्यांना वाटतं की गमतीशीर अर्थ सुचला की काम झालं. तसं नाही. गमतीशीर अर्थावर लोक हसतात, कौल दुसरीकडे देतात. माणूस कोशातल्या अर्थावर विश्वास ठेवतो तो त्याच्या घाटामुळे. आधी वस्तू कोणत्या जातीची ते सांगायचं, मग त्या जातीत तिचं वेगळेपण काय ते, आणि मग थांबायचं. ‘एक प्रकारचं काहीतरी’ असं लिहिलं की पकडले गेलात. आठ-दहा शब्दांच्या पुढे गेलात तरी पकडले गेलात, कारण खोटं बोलणारा नेहमी जास्त तपशील देतो. दाते-कर्वे यांच्या कोशाचं एखादं पान खेळाआधी सगळ्यांना दाखवा. शब्दापुढे पु., स्त्री., न. असं लिंग, मग कंसात प्रदेशाची खूण: (कों.), (व.), (ना.), (गो.). लाक्षणिक अर्थाला (ल.). शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती: [सं.], [का.], [फा.], आणि आवाजावरून बनलेल्या शब्दाला [ध्व.]. हा पोशाख चढवला की साधी थापही मातब्बर दिसू लागते. पोशाखाची ताकद किती, याचा दाखला कोशांच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या वेब्स्टरच्या 1934 च्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द घनता या अर्थानं छापला गेला. मुळात ते घनतेच्या संक्षेपाचं टिपण होतं, ‘D or d’, म्हणजे ‘मोठा डी किंवा छोटा डी’ असं सांगणारं. कुणीतरी ते सलग वाचलं आणि शब्द जन्माला आला. संपादकांच्या लक्षात यायला 1939 उजाडलं. कोशकारांनाच जर घाट पाहून पाच वर्षं शंका आली नाही, तर तुमच्या टोपलीतल्या चिठ्ठीला का यावी?

एक डाव जवळून पाहू. शब्द, धवलेरी. मराठी जाणणाऱ्याचा कान लगेच ‘धवल’वर अडकतो, म्हणजे पांढरं. थाप रचणाऱ्यानं या कानाचाच फायदा घ्यायचा. ‘भिंतीला तांदळाच्या पिठाचा पांढरा हात देणारी बाई’ ही चिठ्ठी भल्याभल्यांना फसवील, कारण वारली चित्रं तांदळाच्या पिठानं काढतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खोट्याचा पाया खरा असला की ते टिकतं. ‘पांढऱ्या पिसांची कोंबडी’ ही थाप त्याहून उथळ, तरी एखादा कौल मिळवील. ‘चुन्याची खाण’ मात्र पडणार: तलासरीत चुना कुठून आला, असं कुणीतरी विचारणारच. खरा अर्थ असा: वारली लग्नात गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई, तिथे लग्न लावण्याचा मान तिचा. खरी चिठ्ठी ऐकताना बाहेरगावचा माणूस तिच्यावर सहसा बोट ठेवत नाही, कारण लग्न लावणारा पुरुष असतो हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. इथे चूक शब्दाबद्दल झालेली नसते, गृहीतकाबद्दल झालेली असते. राखणदारानं नेमका इथे थांबून विचारावं की ही चिठ्ठी का नाही निवडली? या प्रश्नाला दोन मिनिटं दिलीत तर डावाचे गुण कुणाला मिळाले याची कुणाला फिकीर राहत नाही.

गुणांचा हिशोब सोपा ठेवा. खरा अर्थ ओळखला तर दोन, आपल्या थापेला पडलेल्या प्रत्येक कौलाला एक. इंग्रजी रीतीत कुणालाच खरा अर्थ सापडला नाही तर राखणदाराला गुण देतात. ते मी काढून टाकीन. त्यानं राखणदार मुद्दाम दुर्बोध शब्द आणू लागतो आणि आपण ज्यासाठी खेळतोय तेच हरवतं. त्याऐवजी डाव संपल्यावर जो खेळाडू तो शब्द नीट वाक्यात वापरील त्याला एक गुण. अक्षरावरून माणूस ओळखू येतो म्हणून चिठ्ठ्या राखणदाराखेरीज कुणी पाहू नयेत, आणि वाचताना अडखळू नये म्हणून त्यानं त्या आधी मनात वाचून घ्याव्यात. लिहिणं जड जाणारे खेळाडू असतील तर त्यांनी आपला अर्थ राखणदाराच्या कानात सांगावा, त्यानं टिपून घ्यावा. लिहिता न येणारी आजी थापा मारण्यात पदवीधराला हरवते, हे गृहीत धरूनच बसा. कुणाला शब्द आधीच माहीत असेल तर त्यानं तसं राखणदाराला हळूच सांगून त्या डावात फक्त थाप लिहावी.

एकाच शब्दाला दोन खरे अर्थ निघाले तर? हे घडतंच आणि भांडणंही इथेच होतात. डवरा घ्या. पालघरच्या डोंगराळ भागात पाणी आटल्यावर नदी-नाल्याच्या पात्रात खणलेला पाण्याचा खड्डा म्हणजे डवरा. विदर्भात डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधून फिरवायचं कोळपं, त्यावरूनच डवरणी. झरीत शिकवायला विदर्भातून आलेले गुरुजी असतील आणि त्यांनी थाप म्हणून नव्हे, खरंच म्हणून कोळप्याचा अर्थ लिहिला, तर त्यांना खोटं ठरवायचं का? माझा निवाडा असा: राखणदाराचा अर्थ ज्या घरातून आला त्या घरचा धरायचा, पण दुसरा अर्थ खरा असल्याचं कुणी पटवून दिलं तर त्यालाही पूर्ण गुण. कोशही हेच करतो, एकाखाली एक क्रमांक घालून. उलट असा डाव निघाला तर ती पर्वणी समजावी, कारण मराठी एकच आहे असं सांगणाऱ्या धड्यापेक्षा हा खड्डा आणि हे कोळपं जास्त काही सांगतात. गुरुजींनाही मग आपल्या गावचा एक शब्द घेऊन राखणदार व्हायला लावावं.

या खेळावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुलांना एक खरा अर्थ ऐकवायचा तर त्यासोबत चार खोटे का ऐकवायचे? खोटेच डोक्यात बसले तर? याला आधारही आहे. 1977 साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दाखवलं की एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खोटं असलं तरी लोकांना जास्त खरं वाटू लागतं. पण आपल्या खेळाच्या अगदी जवळचा प्रयोग दुसराच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रोझलिंड पॉट्स आणि डेव्हिड शँक्स यांनी 2014 साली छापलेल्या अभ्यासात लोकांना दुर्मीळ इंग्रजी शब्द आणि बास्क भाषेतले शब्द शिकवले. काहींचे अर्थ नुसते वाचायला दिले, काहींसाठी दोन पर्यायांतून एक निवडायला सांगितलं, आणि काहींचा अर्थ स्वतःच्या मनानं रचायला लावला. तो जवळपास नेहमी चुकायचाच. लगोलग खरा अर्थ सांगितला. नंतरच्या परीक्षेत सर्वांत चांगले लक्षात राहिले ते ज्यांचा अर्थ लोकांनी स्वतः चुकीचा रचला होता तेच शब्द. हे प्रयोग प्रौढांवर झाले, वारली घरातल्या चौथीच्या मुलांवर नाही, हे मान्य. तरी त्यांतून दोन गोष्टी सरळ उचलता येतात. एक, नुसता कौल देणाऱ्याला फार काही मिळत नाही, म्हणून चिठ्ठी प्रत्येकानं लिहायची. ‘मी फक्त बघतो’ चालणार नाही. दोन, खरा अर्थ त्याच मिनिटाला कळला पाहिजे. तो राखणदारानं दोनदा सांगावा, वस्तू असेल तर दाखवावी, आणि थापांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर फाडाव्यात. चांगली थाप जपून ठेवायचा मोह होतो, पण पुन्हा पुन्हा वाचली की ती खरी वाटू लागेल, म्हणून ती ठेवू नये. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या शब्दांचे खरे अर्थ विचारून करावी.

दुसरा आक्षेप, यानं मुलांना खोटं बोलायची सवय लागेल. नाही लागणार. भातुकलीतला भात खाऊन कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला जास्त टोचतो. बोलीचे शब्द शहरी किंवा परजिल्ह्यातल्या माणसांपुढे टोपलीत टाकायचे आणि त्यावर हसायचं, हा त्या बोलीचा तमाशा तर नव्हे? होऊ शकतो. घांगळी हा शब्द आला आणि कुणी ‘गबाळी बाई’ असं लिहिलं, सगळे खो-खो हसले, आणि घांगळी हे भोपळ्याचं तंतुवाद्य ज्याच्या घरात वाजतं तो मुलगा कोपऱ्यात गप्प बसला, तर खेळ तिथेच बंद करावा. हे टाळायचं तर सत्ता कुणाच्या हातात आहे ते पाहा. शब्दाच्या घरचं माणूस राखणदार असेल तर हसू बाहेरच्यांच्या थापांचं होतं, शब्दाचं होत नाही. वर्गात ज्याला ‘मराठी कच्चं’ म्हणून मागे बसवलेलं असतं, त्या मुलाकडे या डावात कोशाची किल्ली असते. बाकीचे चाचपडतात आणि तो जाणतो. देवदेवतांची नावं, कुणाचं आडनाव, जातीवरून पडलेले शब्द मात्र टोपलीत येऊ देऊ नयेत. वारल्यांमध्ये हिरवा हा देव आहे. ‘हिरवा म्हणजे काय’ हा डाव चतुर वाटतो खरा, पण तो खेळू नये.

याच नियमात मला एक शब्द बसवता येत नाही आणि तो झरीच्याच मातीतला आहे: लग्नगडी. हा शब्द टोपलीत टाकला तर काय होईल हे आधीच सांगता येतं. गडी म्हणजे सवंगडी, म्हणून चिठ्ठ्या येतील ‘नवरदेवासोबत जाणारा मित्र’, ‘वरातीत नाचणारा’, ‘मांडव घालायला आलेला भाऊबंद’. सगळ्या हसऱ्या. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 च्या आणि 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात या शब्दाचा अर्थ सापडतो: लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलं म्हणून त्याच्या घरी राबणारा, कर्ज कधीच न फिटल्यामुळे आयुष्यभर बांधलेला माणूस, त्याच्यासोबत त्याची बायकोही. 23 मे 1945 रोजी झरीला सुमारे पाच हजार आदिवासी जमले. वेठ करायची नाही, रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराची खाजगी शेती कसायची नाही, असं तिथे ठरलं. वारल्यांच्या उठावाची ती सुरुवात. मग हा शब्द खेळावा का? काही जण म्हणतील, हसरी थाप आणि खरा अर्थ यांतली दरी दिसली की मुलांना जे कळेल ते धड्यातून कळणार नाही. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. तरी मी तो नाकारीन, कारण या डावात गुण मिळवायचे तर कुणीतरी लग्नगड्याला वरातीत नाचवणार, आणि ऐकणाऱ्यांत त्याचा पणतू असू शकतो.

अशा शब्दांसाठी टोपलीच्या शेजारी एक वही ठेवावी. खेळून झालेले शब्द तिच्यात जातात आणि न खेळायचेही. रकाने कोशासारखेच: शब्द, लिंग, गावाची खूण, अर्थ, आणि बोलणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य. अर्थ आपण लिहू शकतो. वाक्य आपण रचायचं नाही. शब्द ज्यानं आणला त्यानं ते घरी विचारून, जसं ऐकलं तसं, वारलीतच उतरवून आणायचं. तोपर्यंत ती ओळ मोकळी ठेवायची. ‘लग्नगडी, पु. (तलासरी, डहाणू)’ यापुढची ओळ बहुधा बरेच दिवस मोकळी राहील. घाई करू नये.